काळ्या यादीतला पत्ता

दोन वाजता छताच्या पंख्याने कर्रकन आवाज केला आणि घरातली शांतता मोडली. वीज आली. दोन हजार सहाच्या त्या उन्हाळ्यात भोरमध्ये सकाळी दहाला गेलेली वीज दोनलाच यायची.

महेजबीनने झोपलेल्या मासूमाच्या डोक्याखालून हात अलगद सोडवला आणि कॉम्प्युटर सुरू केला. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट आणि ईमेल चालवणाऱ्या शरच्चंद्र सरांच्या होस्टिंग कंपनीच्या तक्रारी ती घरूनच सांभाळायची. नवरा सरफराज नसरापूरला ऑफिसात गेला की लेकीच्या झोपेपुरता वेळ तिचा.

आज एकोणचाळीस तक्रारी. सगळ्यांचं एकच रडगाणं: आमचे ईमेल परत येताहेत.

साठ गिऱ्हाइकांचे ईमेल पुण्यातल्या एकाच सर्व्हरवरून, एकाच आयपी पत्त्यावरून जात. तो पत्ता तिसऱ्यांदा स्पॅमच्या काळ्या यादीत गेला होता. घाण एकाने करायची, दारं साठ जणांना बंद.

फोन वाजला. सर होते.

"इब्राहीमच्या छापखान्याचं खातं आहे. काल सकाळी साडेअकराला त्यावरून वेल्ह्यातल्या प्लॉटच्या चार हजार जाहिराती गेल्यात. पाचला बंद करतोय."

"सर, इब्राहीमचाचांच्या लग्नपत्रिकांचे मजकूर ईमेलनेच येतात. ऐन लग्नसराईत पोटावर पाय येईल."

"मग दुसरा कोण ते सांगा. यादीवाल्यांना या वेळी माफी नकोय, कारण हवंय."

मासूमाला कडेवर घेऊन ती छापखान्यात गेली.

"चाचा, तुमचा पासवर्ड कुणाला ठाऊक आहे?"

"मलाच न्हाई, पोरी. समदं तूच करून दिलंस न्हवं?" चाचा हसले, मग एकदम थांबले. "मी चोर वाटतुया व्हय तुला?"

"काल साडेअकराला काय करत होता?"

"लाईट नसताना? पायानं छपाईचं ट्रेडल मारत हुतो."

"इन्व्हर्टर?"

"त्यो तुझ्या सरांकडं. आमच्याकडं पाय."

घरी येऊन तिने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. जाहिराती तिन्ही वेळा सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान गेल्या होत्या. भोरला तेव्हा वीज नसायची. एकही चुकीचा पासवर्ड पडलेला नव्हता. ज्याने दार उघडलं त्याच्याकडे किल्ली होती. गिऱ्हाइकांच्या किल्ल्या दोघांकडे: सरांकडे आणि तिच्याकडे.

सरांकडे इन्व्हर्टर होता.

खात्री करायला तिने जाहिराती कुणाकुणाला गेल्या ते वाचायला घेतलं. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

मासूमाचा पत्ता.

मासूमा जन्मली त्या आठवड्यात तिने लेकीच्या नावाने ईमेल उघडला होता. पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं ती तिथे लिहून पाठवायची. मोठी झाली की वाचेल. तो पत्ता जगात फक्त एकाच माणसाला सांगितला होता.

तिने सरफराजला फोन केला. "लगेच या."

साडेचारला तो दारात होता. "काय झालं?"

"तुमच्या ऑफिसात अकराला वीज असते?"

"असते. का?"

"भोरला नसते. म्हणून चाचा नाहीत. सरांकडे वीज आहे, पासवर्ड आहे. पण मासूमाचा पत्ता नाही. तो माझ्याशिवाय तुम्हालाच ठाऊक. आपल्या कॉम्प्युटरवरचे सगळे पत्ते उचललेत, त्यात तोही गेला. पासवर्ड मी तुमच्या देखतच टाइप करायचे. नवऱ्यापुढे हात कोण आड धरतं?"

सरफराज खाली बसला. "मालक म्हणाला, वेल्ह्याचे प्लॉट खपव, नोकरीत कायम करतो. कुणाचं काय बिघडलं?"

"चाचांचंच खातं का?"

"त्यांना त्यातलं काय कळतंय, वाटलं."

ती कॉम्प्युटरकडे वळली. सरांना चार ओळी लिहिल्या: चाचा निर्दोष, काम सरफराजचं, पासवर्ड माझ्याकडून गेला. पाचला दहा कमी असताना पत्र गेलं.

"माझं नाव घातलंस?"

"आपल्या दोघांचं."

"तुझीही नोकरी जाईल."

"जाऊ दे."

तो उठून मोरीकडे गेला. मासूमा कधीची चौकटीला टेकून ऐकत होती. ती हळूच आईच्या मांडीवर चढली.

"अम्मी, मी चुकले की अब्बू रागावतात. मग अब्बू चुकले की कोण रागावतं?"