एक चाळीसची वायर

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. शप्पथ घालायची असेल तर घाला. आणि भूत म्हटलं की मध्यरात्र लागते असं समजू नका. आमचं भूत ऑफिसच्या वेळेत आलं. मंगळवार, दुपारी एक चाळीस, दुसरा मजला, टेस्टिंगची खोली.

माझा थोरला भाऊ त्या खोलीत वायरी उपटायचा.

तेच त्याचं काम. त्याचाच पगार. हृदयाचे ठोके मोजणारी आमच्या कंपनीची पेटी कॉम्प्युटरला वायरने जोडलेली असते, आणि त्या दोघांचं बोलणं चालू ठेवणारा प्रोग्राम मी लिहितो. वायर कुणी अचानक ओढली तर कॉम्प्युटरने मान टाकू नये, म्हणून दादा ती दिवसातून शंभरदा ओढायचा. न सांगता. आधी जिभेने फक्त ‘टक्’ करायचा.

हात इतका बसला होता की एकदा भर मीटिंगमध्ये साहेबांच्या लॅपटॉपचीच काढली. चाळीस पानांचं प्रेझेंटेशन पडद्यावरून गेलं. अख्ख्या ऑफिसने मनातल्या मनात त्याला बढती दिली.

माझा प्रोग्राम मात्र शंभरात एकदा आपटायचाच.

दादा सांगून सांगून थकला. "वायर निघाली रे निघाली की तू आवरायला घेतोस. पण त्याच वेळी दुसरी कामं पेटीला धरून बसलेली असतात. ती गेलीये हे त्यांना कळलेलंसुद्धा नसतं. किती जण धरून आहेत ते मोज. आकडा शून्य झाला की मग आवर."

मी म्हणायचो, असं मधेच, न सांगता कोण काढतं?

एका मंगळवारी डबा उघडता उघडता दादा गेला.

एक चाळीसला. न सांगता.

ऑफिसने दोन मिनिटं शांतता पाळली. त्यात साहेबांचाच फोन वाजला. दादा असता तर हसून लोळला असता.

मी रडलो नाही. मी आवरलं. शनिवारपर्यंत त्याचे कपडे देऊन टाकले, कपाट रिकामं केलं, फोन नंबर बंद केला. सगळे म्हणाले, धाकटा खंबीर आहे हो.

मग त्याने सांगितलेलं ते मोजणं प्रोग्राममध्ये घातलं आणि पुढच्या मंगळवारी चालू करून बसलो.

खोलीत मी एकटा...

टक्.

स्क्रीनवर आलं, पेटी काढली.

मी वळून पाहिलं... वायर जागच्या जागी.

खाली आकडा. धरून बसलेले, दोन.

पेटीवर एकही काम चालू नव्हतं. तरी आकडा दोनाच्या खाली येईना.

बुधवारी तेच. एक चाळीस... टक्... दोन. दुरुस्तीवाल्याने तीन वायरी बदलल्या. चौथी चिकटपट्टीने गुंडाळली. ती चौथीही निघाली म्हणून स्क्रीनने सांगितलं, तेव्हा त्याने तळमजल्यावर बदली मागून घेतली.

गुरुवारी संध्याकाळी वहिनींकडे गेलो. दादाची बायको.

पाण्याचा ग्लास ठेवून त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, ह्यांचा नंबर तुम्ही बंद केलात का?"

मी हो म्हणालो.

लग्न झाल्यापासून त्या रोज एक चाळीसला दादाला फोन करून विचारायच्या, जेवलात का. तो गेल्यावरही करत होत्या. कुणी उचलणार नाही हे ठाऊक होतं. ऑफिसातल्या त्याच्या ड्रॉवरमध्ये वाजतोय, एवढं त्यांना पुरत होतं.

"शनिवारपासून ती बाई सांगते, हा नंबर अस्तित्वात नाही," त्या म्हणाल्या. "मला एकदा विचारायचं तरी होतंत."

ग्लास तसाच राहिला.

शुक्रवारी नंबर परत सुरू करून घेतला. तीन तास रांग, चार फॉर्म. एकावर ग्राहकाने समक्ष येऊन सही करायची होती. ती मी ठोकली.

सोमवारी त्याचा फोन चार्ज करून टेस्टिंगच्या खोलीतल्या त्याच ड्रॉवरमध्ये ठेवला. कुलूप लावलं. किल्ली मुठीत धरून बसलो.

एक चाळीस.

फोन वाजला.

एकदा... दोनदा... तिसरी रिंग अर्ध्यावर थांबली.

मला वाटलं, वहिनींनीच ठेवला.

पाच मिनिटांनी त्यांचा मला फोन आला. आवाज भिजलेला.

"उचलला, भावजी. बोलले काही नाहीत. मी विचारलं, जेवलात का... तर जिभेने टक् केलं फक्त."

किल्ली अजून माझ्या मुठीत होती. तळहातावर वळ उठला होता.

मी स्क्रीनकडे पाहिलं.

धरून बसलेले, एक.

त्या दिवसापासून वहिनी फोन करत नाहीत. परवा त्यांनी स्वतः दादाचा चष्मा कपाटात नीट ठेवला. टक् पुन्हा ऐकू आलेलं नाही.

तो कॉम्प्युटर मात्र मी कुणाला बंद करू देत नाही. आकडा एकवरच आहे. प्रोग्राम माझा, मोजणं माझं. धरून कोण बसलंय ते शोधणं दोन मिनिटांचं काम.

सात महिने झाले.

मी शोधलेलं नाही...