आखाजीची पाहुणी

एकोणनव्वद साली जळगावच्या एका कारखान्यात नवी यंत्रं आली आणि यंत्रांबरोबर ती बसवणारे डॅनिश इंजिनियर आले. इंजिनियरांबरोबर त्यांच्या बायका. यंत्रं जागेवर बसली, पण या बायकांचं काय करायचं ते कुणाला सुचेना. शेवटी कारखान्याच्या साहेबांनी माझ्याकडे निरोप धाडला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, म्हणजे गोऱ्या माणसांशी बोलायचा मक्ता माझाच, असं गावानं ठरवून टाकलं होतं. रविवारी जीप मिळायची, जेवणाचे डबे मिळायचे. मी तयार झाले.

अजिंठा दोनदा झाला. पालचं जंगल झालं, उनपदेवचे गरम पाण्याचे झरे झाले. चैत्राच्या उन्हात गरम पाणी बघायला नेल्याबद्दल त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती मी विसरलेले नाही. म्हणून मग आखाजीला जवळच्या असोद्याला जायचं ठरवलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे लेकी माहेरी येण्याचा हाच सण. झाडाझाडाला झोके, घराघरात सांजोऱ्या आणि आमरस. कारखान्यातल्या एका फिटरचे काका, उखर्डूनाना, केळीवाले शेतकरी. त्यांनी आग्रहानं बोलावलं होतं.

बायका तिघी होत्या. त्यातली बिर्गिट वयानं लहान, उंच, अबोल. तिचं मन इथे कधी रमलंच नाही. घरी तिची म्हातारी आई एकटी होती, डोळ्यांनी अधू झालेली. बिर्गिट पुढच्या आठवड्यात कायमची परत निघाली होती, तिकीट हातात आलं होतं. जीपमध्ये ती सारखं आईबद्दलच बोलत होती. मराठीतलं तिला "पाणी" आणि "बस" एवढंच येत होतं, आणि दोन्ही ती ऊन लागलं की म्हणायची.

नानांच्या घरात पोचलो तेव्हा काहीतरी अडलेलं दिसलं. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवतात, आणि त्या माणसाच्या जागी कुणालातरी पाटावर बसवून जेवू घालतात. त्याला पितर म्हणतात. पितर जेवल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही. नानांची मुलगी झुंबर दोन वर्षांपूर्वी रावेरला सासरी काविळीनं गेली. त्या साली सासरच्यांनी तिला आखाजीला पाठवलंच नव्हतं. आई, सुगंधाबाई, वाट बघत राहिली आणि पावसाळ्यात निरोप आला तो असा. तिच्या नावानं बसायला भिकुबाई म्हणून शेजारीण ठरली होती, पण तिच्या घरी आदल्या दिवशी बाळंतपण झालं आणि सोयर आलं. सोयरातल्या बाईला पाटावर बसता येत नाही.

"मंग आता पाटावर कोन बसीन?" नाना म्हणाले.

सुगंधाबाई बिर्गिटकडे बघत होत्या. "हिले बसू द्या. हिच्याच वयाची होती माही झुंबर."

"अवं, ती परदेसातली बाई. तिले काय कयते?"

"तिले नाही कयलं तं देवाले कयीन."

नानांनी पाट पुढे सरकवला. मी बिर्गिटला समजावलं. ती लगेच हो म्हणाली. सुगंधाबाईंनी तिचे पाय धुतले, कुंकू लावलं. बाकीच्या दोघी फोटो काढत होत्या. मला ते दृश्य फार आवडलं, खरंच सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

बिर्गिट जेवायला लागली. इतके महिने ती चमच्याशिवाय जेवली नव्हती. आता ती सांजोरी मोडून रसात बुडवून खात होती, बोटं न माखता. मी म्हटलं, बघून शिकली. मग तिनं मागे न बघता हात मागे नेला आणि भिंतीतल्या कोनाड्यातून लोणच्याची बरणी काढली. कोनाडा दाराच्या पडद्याआड होता. मला तो तोवर दिसलाच नव्हता.

"तुला कसं कळलं तिथे लोणचं आहे?" मी विचारलं.

ती जरा गोंधळली. "वास आला असेल," म्हणाली.

सुगंधाबाई खाली बसल्या त्या उठेचनात.

जेवणं झाली. घरामागच्या कडुनिंबाला झोका होता, गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. बिर्गिट झोक्यावर चढली, उभी राहून, गुडघे मोडत, झोका चांगलाच वर नेऊ लागली. पोरींच्या गाण्याचं धृपद ती ओठांनी धरत होती. आवाज येत नव्हता. शब्द मात्र पोरींबरोबर सुरू होत होते आणि पोरींबरोबर संपत होते. गाणं तिच्या कानावर पहिल्यांदाच पडत होतं. मी तिकडे बघायचं सोडून दिलं आणि नानांशी केळीच्या भावाबद्दल बोलत बसले.

निघायची वेळ झाली. सुगंधाबाई आतून तांदूळ, खण आणि नारळ घेऊन आल्या. नानांचा चेहरा उतरला.

"काय करते तू? पितराची ओटी भरत नाहीत! जेवू घालायचं अन् वाटे लावायचं. ओटी भरली का ते जाईन कसं?"

"माही पोर माहेराहून चालली," सुगंधाबाई म्हणाल्या. "तिले रिकाम्या ओटीनं कशी लावू?"

नाना पुढे झाले, पण हात धरायला धजले नाहीत. बिर्गिटच्या अंगात लांब झगा होता. कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं झग्याचा पुढचा घेर दोन्ही हातांनी उचलून धरला, वाकली, आणि ओटी घेतली.

जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. "किती थोडा वेळ मिळाला," एवढंच इंग्रजीत म्हणाली. त्यानंतर ती इंग्रजीत काही बोलल्याचं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा येन्स माझ्या दारात. ती पलंगावर बसत नाही, डोक्यावरून टॉवेल घेते, मी खोलीत आलो की उठून कोपऱ्यात उभी राहते, म्हणाला. डॉक्टरांनी ऊन लागल्याचं सांगितलं होतं. मीही तेच म्हटलं. आमच्या खानदेशात न कळणारं सगळं उन्हाच्या खात्यात घालता येतं.

"ती पुटपुटते काहीतरी," येन्स म्हणाला.

"डॅनिश?"

"नाही."

मला पुढे विचारायची भीती वाटली. मी भित्री बाई नव्हे, पण वाटली.

तीन दिवसांनी उखर्डूनाना आले. ओसरीवर टोपी काढून बसले, चहाला नको म्हणाले. "मॅडम, घरचीनं अंथरुन घालून ठेवलं. दारात बसते अन् म्हनते, पोरीले आनायले गाडी पाठवा. दोन वर्सांत हासली नाही, आता हासते. मी काय करू?"

मी काय सांगणार? दोन दिवसांत बिर्गिट विमानात बसेल आणि सगळं मिटेल, असं म्हटलं. नानांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला समजलं नाही.

येन्सनंच उपाय काढला. आईचा आवाज ऐकला की ती ताळ्यावर येईल. भर दुपारी आम्ही तिला टेलिफोनच्या बूथवर नेलं. ती माझ्या मागे मागे आली, शांत, ऊन चुकवत. नंबर लागला. येन्स त्यांच्या भाषेत भराभरा बोलला, मग त्यानं रिसीव्हर तिच्या कानाला लावला.

बूथ लहान होता. पलीकडचा म्हातारा आवाज मलाही ऐकू येत होता.

आवाज नाव घेत होता. बिर्गिट. बिर्गिट.

ती ऐकत होती, मन लावून, परक्या घरी आलेल्या पाहुणीनं ऐकावं तसं.

आवाज थरथरला. मग नुसतं रडणं येऊ लागलं.

येन्सनं तिचा खांदा हलवला. ती त्याच्यापासून सरकली आणि रिसीव्हर अलगद माझ्या हातात दिला. तिचे निळे डोळे कळवळ्यानं भरले होते.

"ही कोनाची माय रडते व, बाई?" तिनं मला विचारलं.