पेन्सिलीची प्रश्नचिन्हं

वाचनालयाच्या तळघरात ती उतरली ती भांडायलाच. "पुस्तक बायंडरकडे गेलंय, दोन आठवडे मिळणार नाही," असं वरच्या बाईंनी सांगितलं होतं, आणि हिला तर ते आजच हवं होतं!

खाली खळीचा वास, पुठ्ठ्यांचे ढीग आणि तेच पुस्तक उघडून त्यात नाक खुपसून बसलेला बायंडर.

"पुस्तकं शिवता की वाचता हो तुम्ही?"

"दोन्ही." त्यानं मान वर केली, तिच्या कानामागची पेन्सिल पाहिली आणि खुदकन हसला. "अच्छा... म्हणजे प्रश्नचिन्हबाई तुम्हीच!"

ती कानापर्यंत लाल झाली. समोरच्या हॉस्पिटलात ती समुपदेशक होती. पुस्तक मानसशास्त्राचं असो की धर्माचं, एखादं वाक्य पटलं नाही की कडेला प्रश्नचिन्ह काढायची तिला खोडच होती. आणि ती चिन्हं पुसायचं काम वर्षभर याच्या गळ्यात पडलेलं.

"सॉरी हं..."

"सॉरी कसलं? तुमच्यामुळे ती पानं मी दोनदा वाचली."

त्या दिवसापासून तो प्रश्नचिन्ह पुसायचा आणि त्या जागी उत्तराची चिठ्ठी ठेवायचा. त्याच्या आजोबांनी जन्मभर इस्लामी विद्वानांचे ग्रंथ बांधले होते. त्यांच्या मांडीवर बसून यानं ते वाचले, आणि पुढे हाताला लागेल ते सगळंच वाचलं.

एकदा तिनं तोंडीच विचारलं, "तुमच्या ग्रंथांतला सबर, म्हणजे धीर धरणं, म्हणजे दुःख गिळायचंच ना? माझे पेशंट गिळून गिळूनच आजारी पडतात!"

चिठ्ठी आली: 'नाही. याकूब पैगंबरांची हरवलेल्या मुलासाठी रडून रडून दृष्टी गेली, तरी त्यांच्या सबरला कुणी नावं ठेवली नाहीत. अल्लाह अधिक जाणतो.'

दुसऱ्या दिवशी तिनं हे एका आईला सांगितलं. मुलगा गेल्यापासून कोरडी बसलेली ती बाई अखेर ढसाढसा रडली. त्या संध्याकाळी ही तळघरात आली ती डोळे पुसतच. त्यानं काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं, आणि हिचा जीव तिथेच जडला म्हणा ना!

मग बदलीचं पत्र आलं. दुसरं शहर, आज चारपर्यंत होकार किंवा नकार. तिला जायचं नव्हतं, पण राहायला कारण हवं होतं.

"सांगा ना... जाऊ की राहू?"

त्याच्या हातातला दोरा थांबला. दोऱ्याकडेच बघत तो पुटपुटला, "अल्लाह अधिक जाणतो."

"तो जाणतोच हो! मी तुम्हाला विचारतेय!"

तरातरा निघाली ती. जिना चढता चढता निदानही करून मोकळी झाली: याला जवळीक झेपत नाही. जगाची मनं वाचणारी बाई, पण बोलता बोलता त्यानं स्वतःच्याच बोटात खुपसलेली सुई काही तिला दिसली नाही!

चारला दहा मिनिटं असताना हॉस्पिटलातल्या तिच्या खोलीचं दार उघडलं. तो धापा टाकत उभा होता, हाताला खळ तशीच.

"माझं चुकलं. आजोबा असते तर कान पिळला असता. जुने विद्वान 'अल्लाह अधिक जाणतो' ही ओळ लिहायचे, पण कधी? आधी ग्रंथ पालथे घालायचे, आपलं मत रोखठोक मांडायचे, आणि मग. मी मत गिळलं आणि नुसती ओळ म्हटली. ती नम्रता नव्हती... घाबरलो होतो मी."

"मग मत काय आहे?" तिनं विचारलं.

"जाऊ नकोस." तो पहिल्यांदाच 'तू'वर आला होता. "मला तू आवडतेस. गेलीस तर तिथे येऊन पुस्तकं शिवीन, पण माझं मत हेच. अल्लाह—"

"अधिक जाणतो," तिनंच पुरं केलं. "पण थोडंसं मलाही कळतं हं... तूही मला आवडतोस, वेड्या."

हसत, डोळे पुसत तिनं कानामागची पेन्सिल काढली आणि बदलीच्या कागदावर 'नकार' लिहायला टेकवली.

"पेन्सिलीनं नको," खिशातलं पेन पुढे करत तो म्हणाला. "हे मी पुसणार नाही."