ग्लेनचं मीटर

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. भुताखेतांच्या गप्पा मारायला मला वेळ नसतो. मी इस्पितळात रक्त तपासते, तेही दोन-दोन पाळ्या. हे घडलं माझ्या शेजारच्या घरी, ओहायोतल्या पार्मा गावात, २०१९ च्या हिवाळ्यात. अमावस्या, मध्यरात्र असलं काही नव्हतं.

सगळं भर दिवसा घडलं.

आणि ते डार्लीन ह्रुस्काने मला स्वतः सांगितलं, स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता.

डार्लीनचा नवरा ग्लेन कारखान्यात साचे बनवायचा. कारखाना बंद पडल्यावर तो घरच्या गॅरेजमध्येच लेथ टाकून बसला. सकाळी सात ते संध्याकाळी साडेपाच. बारा ते साडेबारा जेवण. आणि दिवसभर रेडिओ. एकच स्टेशन, ॲनव्हिल. क्लासिक रॉक. शाळेत होता तेव्हापासून तेच.

"अरे, तीच तीनशे गाणी फिरवून फिरवून लावतात मेले," डार्लीन वैतागायची. "कंटाळा कसा येत नाही तुला?"

"तीस वर्षं तूही तीच आहेस की," ग्लेन म्हणायचा. "तुझा आला का?"

ॲनव्हिलचे दिवस भरत आलेत हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सकाळचा निवेदक मॅक कोवाच, त्याच्या आवाजावर आम्ही शाळेला निघायचो. त्याला एका शुक्रवारी दुपारी घरी बसवलं, आणि दोन वर्षांत बिचारा गेलाही. मग टेक्सासहून कुणीतरी बोलायला लागला. त्याला आमच्या क्युयाहोगा नदीचं नावही धड घेता यायचं नाही. जाहिरातवाल्यांना चोपन्न वर्षांपर्यंतचीच गिऱ्हाइकं लागतात. पंचावन्न लागलं की तुम्ही काय ऐकता याची कुणाला पडलेली नसते. आणि ॲनव्हिल ऐकणारे सगळे त्या उंबऱ्यावर आलेले.

अशात मोजणी कंपनीने ह्रुस्कांचं घर निवडलं. कोण कुठलं स्टेशन किती ऐकतं, ते मोजणारी ती कंपनी. यव्हॉन प्रुइट नावाची त्यांची बाई आली आणि दोघांना दोन मीटर देऊन गेली. काडेपेटीएवढं, कमरेला लावायचं. प्रत्येक स्टेशनच्या आवाजात एक खूण लपवलेली असते. माणसाच्या कानाला ती कळत नाही, मीटरला कळते. आणि मीटर माणसाच्या अंगावर हलत असेल तरच हिशोबात धरतात. हलत असलं की हिरवा ठिपका लागतो. पडून राहिलं की विझतो. सगळी नोंद आपोआप कंपनीकडे जाते.

"मिस्टर ह्रुस्का, तुमच्या एकट्याच्या ऐकण्यावर आम्ही अडीच हजार माणसं धरतो," यव्हॉन म्हणाली होती.

"ऐकलंस का, डार? अडीच हजार! आता जरा मान देऊन बोल."

जूनच्या चौदा तारखेला ग्लेन गेला.

डार्लीन कॉफी घेऊन गॅरेजमध्ये गेली तर तो स्टुलाशेजारी खाली पडलेला. हृदय बंद पडलं होतं. वय चोपन्न. वर रेडिओ चालू होता.

तो तिने बंद केलाच नाही. ना त्या दिवशी, ना दफनाच्या दिवशी, ना नंतर.

"तो ग्लेनने लावलाय गं," ती मला म्हणाली. "एकदा बंद केला की परत काय त्याच्या हाताने लागणार आहे?"

आणि दुसरी गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. ग्लेन गेल्याचं मोजणी कंपनीला कळवलंच नाही. त्याचं मीटर ती स्वतःच्या कमरेला लावून गॅरेजमध्ये फिरायची. झाडायची, पुसायची, उगाच हत्यारं इकडची तिकडे करायची. ती अडीच हजार माणसं गेली तर ॲनव्हिल बंद पडेल, आणि ॲनव्हिल बंद पडलं की ग्लेनने लावलेलं शेवटचं जे काही उरलंय तेही संपेल. एवढं साधं गणित होतं तिचं. लबाडी होती, मान्य. पण तिच्या जागी मी असते तर मीही केली असती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ती चर्चच्या तळघरात पिरोही, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला गेली. बायकांचा घोळका, पिठाने माखलेले हात... आणि मध्येच तिला आठवलं. ग्लेनचं मीटर गॅरेजमधल्या टेबलावरच राहिलं होतं.

दिवस वाया गेला म्हणून चरफडत ती तीनला घरी आली.

गॅरेजमध्ये शिरली...

हिरवा ठिपका लागलेला होता.

जवळपास कुणी नव्हतं. दार तिनेच बाहेरून लावलं होतं.

दोन आठवड्यांनी यव्हॉनचा फोन आला.

"मिसेस ह्रुस्का, मिस्टर ह्रुस्कांना आमच्यातर्फे धन्यवाद सांगा हं. इतका नेमाचा माणूस आमच्याकडे दुसरा नाही. रोज सातला मीटर हलायला लागतं ते साडेपाचपर्यंत. मध्ये फक्त अर्धा तास बंद, बाराला."

डार्लीनने बरं म्हणून फोन ठेवला. मग ती खुर्चीत बसली.

ती मीटर लावायची नऊला. आणि दोनला काढून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी साडेसहालाच तिने मीटर टेबलावर ठेवलं आणि दारात उभी राहिली. ठिपका विझलेला. रेडिओ चालू. बाहेर बर्फ भुरभुरत होतं.

सात वाजले.

स्टूल... करकरलं.

आणि ठिपका लागला.

ती हलली नाही. बाराच्या ठोक्याला ठिपका विझला. साडेबाराला परत लागला. मीटर टेबलावर जिथे ठेवलं होतं तिथेच होतं, इंचभरही सरकलेलं नव्हतं.

तिला भीती नाही वाटली. आनंद झाला. ती रडली आणि हसली आणि म्हणाली, "अरे, मग स्वेटर तरी घालत जा."

या सगळ्यात माझ्या अंगावर काटा येतो तो या वाक्याने.

बावीस नोव्हेंबर. शुक्रवार. ग्लेनचा वाढदिवस, त्या दिवशी त्याला पंचावन्न पूर्ण झाली असती. डार्लीनने अक्रोडाचा रोल भाजला आणि ताटलीत घालून गॅरेजमध्ये नेला. दहा वाजायला आले होते. ठिपका लागलेला. रेडिओवर गिटार ऐन रंगात आलेली...

आणि गाणं मध्येच तुटलं.

निरोप नाही, दोन शब्द नाहीत. दहा सेकंद नुसती शांतता.

मग घंटा. नाताळची गाणी. एका बाईचा लाडिक आवाज म्हणाला, आता इथे सगळं नवीन.

चाळीस वर्षांचं ॲनव्हिल असं संपलं. कुत्र्यालासुद्धा कुणी असं हाकलत नाही.

डार्लीनने टेबलाकडे पाहिलं.

ठिपका विझला होता.

"ग्लेन?"

काही नाही. स्टूलही करकरलं नाही. तिने पुढे होऊन रेडिओची वायर उपटली. जूननंतर पहिल्यांदा ते गॅरेज गप्प झालं. मीटर तिने ग्लेनच्या घड्याळाबरोबर बिस्किटांच्या डब्यात टाकलं आणि डबा कपाटात कोंबला. तो खरा आज गेला, असं तिला वाटलं.

पुढे रोज दुपारी ती ग्लेनच्या स्टुलावर बसून सँडविच खायची. त्या शांततेत. तिचं स्वतःचं मीटर सवयीने एप्रनच्या खिशात असायचं.

सतरा डिसेंबरला, सकाळी अकराला, यव्हॉन दारात.

"मिस्टर ह्रुस्कांचं मीटर बदलायचंय. बिघडलंय बहुतेक."

डार्लीनला आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "बाई, माझा नवरा जूनमध्ये गेला. तुमचं मीटर मी फिरवत होते. काय शिक्षा करायची ती करा."

यव्हॉन खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"जूनमध्ये?"

"चौदा तारखेला. आणि आता मीटर डब्यात आहे. पंचवीस दिवस झाले, चार्जसुद्धा केलेलं नाही."

यव्हॉनने पिशवीतून कागद काढला.

"मग हे काय आहे, मिसेस ह्रुस्का? बावीस तारखेपासून रोज... सात ते साडेपाच. आणि ऐकलंय ते ॲनव्हिल. अहो, ती खूण आता कुणीच पाठवत नाही. नव्या स्टेशनची खूण वेगळी आहे. ॲनव्हिलची खूण जगात कुठे वाजतच नाहीये!"

डार्लीनने कपाट उघडलं. डबा काढला. झाकण उचललं...

हिरवा ठिपका.

तिने मीटर हातात घेतलं. ते कोमट होतं, नुकतंच कुणाच्या कमरेवरून काढल्यासारखं.

यव्हॉनने दुसरा कागद पुढे केला. तिला तो दाखवायचा नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"हा तुमच्या मीटरचा. दोन डिसेंबरला ॲनव्हिल चार मिनिटं. तीनला सहा. दहाला एकोणीस. काल... पूर्ण तीस. दुपारी बारा ते साडेबारा."

"मी तेव्हा गॅरेजमध्ये असते. वायर काढलेली आहे. तिथे काही वाजत नाही."

"तुमच्या कानाला नसेल येत. मीटरला येतंय."

डार्लीन त्या कागदाकडे बघत राहिली. मग तिने जे विचारलं ते ऐकून यव्हॉन दोन्ही मीटर पिशवीत टाकून जवळजवळ पळतच सुटली. परत आली नाही.

डार्लीनने विचारलं होतं, "मग मला का ऐकू येत नाही?"

हे सगळं तिने मला जानेवारीत सांगितलं. मी म्हटलं, "अगं, यंत्रं बिघडतात. झोप येत नाही का तुला? गोळी लिहून घे." दुसरं काय बोलणार?

फेब्रुवारीत एका दुपारी मी तिच्यासाठी सूप घेऊन गेले. घरात नव्हती. गॅरेजमध्ये पाहिलं. रेडिओची वायर जमिनीवर पडलेली. डार्लीन स्टुलावर, डोळे मिटून. चेहऱ्यावर इतकं सुख मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिचा पाय ठेका धरत होता.

"डार्लीन?"

"श्श..." डोळे न उघडता ती म्हणाली. "आज मॅक कोवाच आहे. क्युयाहोगा कसं बरोबर म्हणतो बघ."

मी कान दिला. शपथेवर सांगते, काही नव्हतं. नुसती थंडी आणि तेलाचा वास.

मग तिने डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं.

माझं बोट सूपच्या वाडग्यावर वाजत होतं.

तिच्या पायाबरोबर. एकही ठोका चुकत नव्हता.

"बघ," डार्लीन हसली, "तुला माझ्याइतके दिवस नाही लागायचे."

वाडगा तिथेच टाकून मी घरी आले. त्यानंतर मी त्या गॅरेजमध्ये पाऊल टाकलेलं नाही. मला आजही काही ऐकू येत नाही. पण दुपारी बारा वाजले की मी हात खिशात घालून बसते. आणि खिशात बोटं काय करतात, ते बघत नाही.