काचेकडच्या बाजूने

थोरलीला प्रयोगासाठी अस्सल सुती, पुष्कळदा धुतलेलं कापड हवं होतं. आईने कपाटातून धाकट्याचा पांढरा शर्ट काढला. तीन वर्षांपूर्वी तो घरातून निघाला, तो गेलाच. "नुसता पडून आहे, तुझ्या कामी तरी येऊ दे," आई म्हणाली. पण शर्ट हातातून सोडायला तिला जरा वेळच लागला.

प्रयोगशाळेतलं थोरलीचं काम रोजचंच. एक मीठ, पण द्रवरूप, मधासारखं घट्ट. ते पातळ व्हावं म्हणून त्यात दुसरा द्रावक मिसळायचा, ऐंशी अंशांवर ढवळत कापडाचे तुकडे सोडायचे. तासाभरात सूत दिसेनासं होई. मग द्रावण काचेवर पसरून पाण्यात बुडवलं, की विरघळलेलं सूत परत येई. धागे नाहीत, वीण नाही, नुसता पारदर्शक पापुद्रा.

त्या सकाळी शर्टाच्या पहिल्या तुकड्यांच्या पापुद्र्यावर बोटाचा ठसा होता.

"काचेला हात लावलास?" तिने सहकाऱ्याला झापलं.

"मी कशाला लावू? हातमोजे तरी काढलेत का मी?"

थोरलीने पापुद्रा उजेडात धरला. ठसा खालून उमटला होता, काचेकडच्या बाजूने.

तिने काच बदलली, पाणी बदललं, द्रावक वाढवला. बाहीच्या तुकड्यांतून तीन बोटं आली. द्रावण जितकं पातळ, तितक्या रेषा ठळक.

"ताई, टाकून दे हे," सहकारी हळूच म्हणाला. "मला हे काही ठीक वाटत नाही."

तरी शेवटचा तुकडा तिने सोडलाच. दुपारी काचेवर अख्खा तळवा होता.

तीन वर्षं आईने दाराकडे कान लावून काढली होती. तिच्यापासून हे लपवायचं कसं? थोरलीने फोन केला.

आई आली ती धापा टाकतच. काचेवर वाकली. थोरली अडवणार, तोच तिने आपला तळवा त्या तळव्यावर टेकवला.

"कोमट आहे गं," ती म्हणाली. किती दिवसांनी तिचा चेहरा सैलावला होता.

मग तो हळूहळू उतरत गेला.

"हा त्याचा हात नाही."

"आई, हात उचल आधी."

आईने तिच्याकडे पाहिलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मघापासून तेच करतेय."