कशफ वर बघेना

साल २०१८. पिंपरीत मेट्रोचे नुसते खांबच उभे राहिले होते तेव्हा. संत तुकाराम नगरातल्या एका मोठ्या रुग्णालयात दुपारच्या गडबडीत मागून हाक आली.

"सिस्टर, अब्बांची सलाईन संपत आलीय!"

कशफ वळली. शर्टावर ग्रीसचे डाग, जागून तारवटलेले डोळे... आणि तरीही ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"मी सिस्टर नाही. फार्मासिस्ट आहे."

"बरं झालं. सिस्टर म्हणालो ते परत घेतो मग."

ती हसू दाबत निघाली. जिन्यात मात्र ते आवरलं नाही.

तो झिशान. चाकणला बापलेकाचं गॅरेज. त्याचे अब्बा, सरदारचाचा, न्यूमोनियानं अंथरुणाला खिळले होते. त्या वॉर्डात एक अभ्यास चालू होता — नेहमीचं औषध चांगलं की नवं? चाचांनी त्यात भाग घ्यायला होकार दिला होता. कुणाला कोणतं द्यायचं ते संगणक ठरवायचा. पेशंटला सांगायचं नाही, डॉक्टरलाही नाही. औषध ओळखू येऊ नये म्हणून बाटलीवर तपकिरी आवरण. ठाऊक फक्त कशफला, कारण औषध मिसळायची तीच.

झिशान रोज वाट अडवायचा. "आज काय घातलं, साखर की मीठ?"

"दोन्ही औषधंच आहेत. सरका!"

मग चाचांचा ताप चढला, श्वास लागला. आणि कशफनं वर बघणंच सोडलं. बाटली नर्सच्या हातात द्यायची, खाली मान घालून परत.

झिशाननं ते हेरलं. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर भाग्यश्रीमॅडमसमोर उभा राहिला.

"अब्बांना निगडीच्या दवाखान्यात नेतो. गाडी खाली उभी आहे."

"अहो, अभ्यासातून बाहेर पडा, माझी ना नाही. उपचार इथंच करू. पण आत्ता हलवलं तर वाटेतच..."

"मॅडम, ती माझ्याकडे बघत नाही! अब्बांना कुचकामी औषध चाललंय, तिला माहितीय ते!"

मॅडमनी दाराशी उभ्या कशफकडे पाहिलं. कोणतं औषध ते कशफला सांगता येत नव्हतं. पण गप्प राहिली असती, तर चाचांचं स्ट्रेचर निघालंच असतं.

"मॅडम, यांच्या अब्बांचं औषध आजपासून दुसऱ्या कुणाकडे द्या."

"का गं?"

"मी बघत नाही... ते औषधामुळे नाही." "औषध कोणतंही असतं, तरी नसतं बघता आलं. अब्बांची हालत अशी, आणि मला यांना बघितलं की —"

"की काय?" झिशाननं हळूच विचारलं.

"कळत नाही का तुम्हाला? सगळ्यांसमोर वदवून घेणार?"

मग झिशाननं फोन लावला. "भावा, गाडी परत ने. अब्बा इथंच राहणार."

दोन दिवस कुणाच्या जिवात जीव नव्हता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि चाचांनी चहा मागितला. फिका निघाला म्हणून नर्सला बोललेसुद्धा.

अभ्यास संपला. दोन्ही औषधं सारखीच ठरली. भाग्यश्रीमॅडम पुढं नाशिकला गेल्या. कशफ-झिशानचा निकाह झाला. कशफनं चाकणला स्वतःचं मेडिकल टाकलं. चाचा पुढं कितीतरी वर्षं गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत बसायचे. गेल्या वर्षी झोपेतच गेले. त्यांना कोणतं औषध मिळालं होतं, हे झिशानला केव्हाच विचारता आलं असतं. त्यानं विचारलं नाही.