लँडमास्टरची डावी बाजू

सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात हेमचंद्र कर्णिक उल्हासनगरच्या बाजारात गेले, ते गाडीच्या शिटांना कव्हरं शिवून घ्यायला. अंबरनाथ पूर्वेला राहणारे, कंपनीत चांगल्या हुद्द्यावरचे, आणि जीव सगळा एका गाडीत अडकलेला. वडिलांच्या वेळची लँडमास्टर होती ती. घरात बायकोला, उमावहिनींना, सर्दी झाली तर कळायला दोन दिवस लागत, गाडीला खोकला आला तर लगेच कळे.

"साईं, सफेद मत लो," सिंधी दुकानदार म्हणाला. "एक दाग लगा, तो गया."

कर्णिकांनी सफेदच घेतलं. प्रसंगच तसा होता. त्यांचे मित्र आणि गावातल्या क्लबचे अध्यक्ष श्यामकांत यांनी मोहीम काढली होती. जुन्या गाडीतून थेट कन्याकुमारीपर्यंत जायचं, गावोगाव देणग्या मागायच्या आणि बारवी धरणाकडच्या पाड्यांसाठी रुग्णवाहिका घ्यायची. पुण्याचं काम, वर पेपरात फोटो.

फोटोसाठी निघायचंही पाड्यावरूनच ठरलं. गाडीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. सगळे कॅमेऱ्यासमोर रांगेत उभे राहत होते, तेवढ्यात पाड्यावरच्या वाळू नावाच्या माणसाने आपल्या बायकोला उचलून आणलं आणि मागच्या शिटावर डावीकडे बसवलं. पुतळी तिचं नाव. दिवस भरलेले, ओठ पांढरेफटक.

"सायेब, कालपासून कळा हायत," वाळू हात जोडून म्हणाला. "सुईण बोलली, पोर आडवं हाय. उल्हासनगरला दवाखान्यान पोचवा."

श्यामकांतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, ॲम्ब्युलन्ससाठीच तर चाललोय ना आम्ही! जरा धीर धरा." मग ते गाडीत डोकावून हळूच म्हणाले, "हेम्या, नारळ फुटलाय. उल्हासनगर म्हणजे उलटी दिशा. बदलापूरला पाहुणे ताटकळलेत."

कर्णिक चालकाच्या जागेवर होते, हात किल्लीवर. त्यांनी मागे वळून पाहिलं. पुतळीने शीट घट्ट धरलं होतं आणि तिच्या तळव्याखाली पांढरं कव्हर ओलं होत चाललं होतं. माणसाला त्या क्षणी काय दिसावं? त्यांना कव्हर दिसलं.

"उतरवा त्यांना," ते म्हणाले.

तिला खाली घेताना तिचा हात दाराच्या कडीवरून सुटेना. एकेक बोट सोडवावं लागलं. मग फोटो झाला, फार छान आला.

बदलापूरचा सत्कार आटोपून कर्जतच्या रस्त्याला लागले, तशी गाडी एका अंगाला ओढू लागली. कर्णिकांनी उतरून पाहिलं तर मागची डावी बाजू दबलेली. एरवी चाक आणि मडगार्डमध्ये चार बोटं सहज जात, आता एक जेमतेम जात होतं. बॅगा उजवीकडे सरकवून झाल्या, स्प्रिंगचे पाटे तपासून झाले. पाट्यांना काही झालं नव्हतं.

घाटात लख्ख ऊन होतं. गाडीत चुलीच्या धुराचा वास येऊ लागला, ओल्या लुगड्याचा, आणि त्याखाली गंजासारखा कसलासा. एक खड्डा आला.

"हळू चालवा..."

"हळूच चालवतोय रे," कर्णिक म्हणाले.

श्यामकांतांनी मान वळवली. "मी कुठं काय बोललो?"

पुढच्या खड्ड्याला मागून कुणीतरी दात आवळून श्वास आत घेतला. तो दोघांनी ऐकला, आणि दोघांनीही काचा वर केल्या, जणू आवाज बाहेरून येत होता.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात स्वागत झालं. एका बाईने दोघांना ओवाळलं आणि तबक घेऊन ती मागच्या दाराशी गेली.

"मागं बसल्यात त्यास्नी उतरवा की," ती म्हणाली. "भरल्या पोटाच्या बाईला ओवाळल्याबिगर कसं सोडू?"

श्यामकांत मोठ्याने हसले. त्यांच्याबरोबर कुणी हसलं नाही.

कर्णिकांनी घरी ट्रंककॉल लावला. उमावहिनींचा आवाज तुटत तुटत आला. "पाड्यावरून निरोप आलाय. ती पुतळी... गेली हो. झोळीत घालून नेत होते. वाटेतच..."

"आणि मूल?"

"पोटातच... अहो, तुमची गाडी तिथंच उभी होती ना?"

त्यांनी फोन ठेवला आणि गाडी उलटी फिरवली. श्यामकांत रस्त्यातच भांडले, "एका बाईसाठी सगळी मोहीम बुडवतोस!" म्हणाले आणि बॅग घेऊन उतरले. कर्णिक एकटेच निघाले. एकटे म्हणायचं आपलं. सबंध वाट त्यांनी एकेक खड्डा चुकवला, आणि तरीही मागून येणाऱ्या त्या श्वासाला "आलंच हं, आलंच आता," म्हणत राहिले. हे दोन दिवसांपूर्वी म्हणायला हवं होतं, हे त्यांनाही कळत होतं, आणि ते रडत होते.

उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्याच्या दारात भर गर्दीत त्यांनी गाडी थांबवली. खाली उतरून मागचं डावं दार उघडलं.

"या," ते म्हणाले. "पोचलो आपण."

पाटे कुरकुरले. गाडी हळूहळू वर आली. धुराचा वास गेला. कर्णिकांनी डोळे पुसले आणि मडगार्डखाली हात घातला. एक बोट गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. चौथं मात्र जाईना.

उतरली ती एकटीच होती.

रुग्णवाहिका पुढे कधीतरी क्लबने घेतलीच. क्लबच्या दारात उभी असते. पाड्यावरच्या रस्त्याने खराब होते म्हणून तिकडे पाठवत नाहीत. लँडमास्टर कर्णिकांनी विकली नाही. कुणाला विकणार आणि काय सांगून? ती गॅरेजमध्ये उभी आहे, तिच्यात कुणी बसत नाही. तरी वर्षं गेली तशी डावी बाजू थोडी थोडी खाली येत गेली. तीन बोटं जाईनाशी झाली, मग दोनही अडकू लागली.

त्र्याण्णवच्या जूनमध्ये उमावहिनी गॅरेजच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. बराच वेळ पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "शाळेत घालायच्या वयाचं झालं असेल, नाही?"

त्या दिवसापासून कर्णिक रोज सकाळी मागचं दार उघडून धरत आणि म्हणत, "उतर बाळा, आई तिकडे आहे."

एके सकाळी ते गेले तर गाडीची मागची बाजू अगदी सरळ झालेली. हात घातला तर चारही बोटं सहज गेली. आनंदाने त्यांनी उमावहिनींना हाक मारली.

त्या आल्या, पण मागे बघेनात. त्या पुढे बघत होत्या. चालकाच्या शेजारची बाजू खाली दबली होती, आणि ते दार आतून लावून घेतलेलं होतं.